आईची छत्री

मागच्या दोन अंकांत हे सदर आले नाही. "प्रकृती बरी आहे ना?" अशी विचारणा करणारी पत्रे आणि निरोप आले. वाचक बंधू-भगिनींचे हे प्रेम. प्रकृती उत्तम आहे. तळहातांना फोड आले होते, पेन धरवत नव्हते, एवढेच. आम्ही घरामागच्या परसात खड्डे खणत होतो.

कशासाठी, ते सांगतो.

फेब्रुवारीत आई मोरीत घसरून पडली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. तिचे वय अदमासे पंच्याहत्तर. शाळेचे तोंड न पाहिल्यामुळे जन्मतारीख कोठे लिहिलेली नाही. सरकारी दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली, सळई बसली. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितले, "खाटेवर पडून राहू देऊ नका. दिवसातून चार वेळा वॉकर धरून चालवा, सकाळ-संध्याकाळ उघड्यावर बसवा. हाड जुळेल हो, पण माणूस खाटेला जुळला की उठत नाही."

उघड्यावर बसवायचे कोठे? आमचे घर वर्धा जिल्ह्यात. पुढचे दार गल्लीत उघडते आणि त्याला तीन पायऱ्या आहेत. मागचे दार मात्र परसाला सपाट आहे. परसात आमच्या कालकथित वडिलांनी लावलेला कडुनिंब होता आणि त्याच्या सावलीत आईचे सगळे जग होते. निवडणे, पाखडणे, वाकळ शिवणे, आल्यागेल्याशी बोलणे, सारे तेथेच. गेल्या पावसाळ्यात तो निंब मुळासकट कोसळला. आता तेथे बुंधा आणि वर ऊन. आमच्याकडचे ऊन वाचकांना सांगायला नको. मे महिन्यात पारा ४५ अंशांना हात लावून येतो.

दवाखान्यातून आलेली आई बोलेनाशी झाली होती. अर्धी भाकर खायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. काही विचारले की एकच वाक्य, "माह्यावर पैसा नका लावू आता." जन्मभर जिच्या आवाजाने गल्ली जागी होत असे, तिचे हे बोलणे ऐकून घरात कोणाला घास गोड लागत नव्हता.

आमचा थोरला बुटीबोरीच्या कारखान्यात आहे. त्याने आम्हाला न विचारता मोबाइलवर पाहून, हप्ते बांधून, एक वस्तू मागवली. तिचे नाव गझिबो. चार खांब, वर चारी बाजूंना उतरते छप्पर आणि भिंत एकही नाही. बागेतली छत्री म्हणा. लग्नाच्या लॉनवर, मोठ्या हॉटेलांच्या हिरवळीवर वाचकांनी पाहिली असेल. ती आता तयार जोडसंचात मिळते. खांब, आडव्या पट्ट्या, वासे, पत्रे, सगळे कारखान्यातच मापात कापलेले, भोके पाडलेले. प्रत्येक तुकड्यावर अक्षर-आकडा असतो आणि सोबत चित्रांचा कागद. कापायचे काही नाही, डाग मारायचा नाही, नुसते नट-बोल्ट आवळायचे. जाहिरातीत दोन माणसे हसत हसत एका दिवसात उभी करतात.

आम्ही रागावलो. वेल्डर गावात आहे, त्याने निम्म्या पैशांत केले असते, असे आमचे म्हणणे होते. धाकटी पॉलिटेक्निकला सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती म्हणाली, "बाबा, वेल्डर डाग मारतो तिथलं जस्त जळून जातं आणि गंज तिथूनच सुरू होतो. यात डागच नाही." हे तिचे खरे. पण गावच्या वेल्डरचा पाइप जाड असतो आणि काही बिघडले तर तो हाकेच्या अंतरावर असतो, हे आमचेही खरे. ज्याला जे परवडेल ते त्याने करावे. आमच्याकडे हप्ता बांधून झालेला होता, त्यामुळे वादात अर्थ नव्हता.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी टेम्पोतून तीन लांबट खोकी उतरली. मुलांच्या आईने आधी सगळे तुकडे परसात सतरंजीवर मांडायला लावले. अक्षरानुसार वेगळे केले, बोल्ट वाटग्यांत काढले, कागदावरच्या यादीशी ताडून पाहिले. बचत गटाचा हिशेब ठेवण्याची तिची सवय येथे उपयोगी पडली. आठ मिलिमीटरच्या बोल्टांची एक पुडी कमी निघाली. विक्रेत्याला फोन केला तर दहा दिवस थांबा म्हणाले. तेवढे बोल्ट हार्डवेअरच्या दुकानातून पन्नास पावलांवर मिळाले. यादी न ताडता काम सुरू केले असते तर हा शोध छपरावर चढल्यावर लागला असता.

आई मागच्या दाराशी खाटेवर होती. तोंड भिंतीकडेच होते. पण पत्र्याचा आवाज झाला तशी मान वळली.

थोरल्याने चित्रांचा कागद उघडला. त्यात खांबाच्या तळाच्या पट्टीतून जमिनीत ठोकायचे लोखंडी खुंटे दाखवले होते, वीतभर लांबीचे. त्याने घण घेतला आणि पहिला खुंटा ठोकला. दोन घावांत गेला. तो खूश झाला. "बघा, लोण्यासारखा गेला!"

तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. दोन महिन्यांत पहिल्यांदा, आणि जुन्याच पट्टीतला.

"लोण्यासारखा गेला त लोण्यासारखाच निघन. काढ तो!"

सगळे थबकलो. आई कोपरावर उठून बसली होती. "काळी माती हाये ते. उन्हाळ्यात फाटते, पावसाळ्यात फुगते. तुह्या वीतभर खुट्याईले ते दातासारखी हालवन न पाडन. ह्या पत्र्याखाली मी नाई बसत. तुमी कोनी बी नका बसू."

थोरल्याला वाईट वाटले. हप्ते त्याने बांधले होते. "आजी, कंपनीच्या इंजिनिअरनं काढलंय हे चित्र."

"त्या इंजिनेराले मनाव, आमच्या परसात येऊन पाय." एवढे बोलून ती पुन्हा आडवी झाली.

तिच्या या बोलण्यामागे काय होते ते मुलांना ठाऊक नव्हते, म्हणून आम्ही सांगितले. आम्ही चौथीत होतो. वस्तीतले आमचे पहिले घर कुडाचे, वर टिनाचे पत्रे, आणि पत्र्यांवर दगड ठेवलेले. त्या काळी बहुतेकांची घरे अशीच. वैशाखातल्या एका संध्याकाळी वादळ आले आणि दोन पत्रे दगडांसकट उडाले. वडील बाहेर बकरी सोडवायला गेले होते. पत्र्याने त्यांचा उजवा दंड खांद्यापासून कोपरापर्यंत चिरला. हात वाचला, पण पुढे त्या हाताने त्यांना पोते उचलता आले नाही. हमालीचे काम सुटले. त्या वर्षानंतर घर आईने रोजगार हमीच्या कामांवर ओढले. १९७९ पासून रोजगार हमीचा कायदा लागू झाला होता. तेव्हापासून पुढची कित्येक वर्षे ती रस्त्यांवर, तलावांवर, झाडांच्या खड्ड्यांवर होती. या जिल्ह्यातली कोणती माती कोठे संपते आणि मुरूम कोठे लागतो, हे तिने टिकावाने शिकलेले आहे. त्या पत्र्याची गोष्ट मात्र ती कधी सांगत नाही.

थोरल्याने काही न बोलता खुंटा उपटला. खरोखरच एका हाताने निघाला.

त्या रात्री धाकटीने वही काढली. ताशी ८० किलोमीटरचा वारा, आमच्याकडच्या वळिवाच्या वादळाला ही गोष्ट अशक्य नाही, एका चौरस मीटरवर साधारण तीस किलोंचा दाब देतो. आमच्या छपराचे क्षेत्र चौदा चौरस मीटर. म्हणजे वारा खाली शिरला तर छप्पर उचलणारा जोर चारशे किलोंच्या वर जाऊ शकतो. आणि तिन्ही खोक्यांवर लिहिलेली वजने मिळवली तर सगळा संच पावणेदोनशे किलोंचा. भिंती असलेले घर निदान भिंतींच्या वजनाने बसून राहते. ही तर नुसती उघडी छत्री. तिला खाली धरून ठेवील ते पायातलेच वजन. वहीतला आकडा पाहून थोरला म्हणाला, "म्हणजे आजीला आकडा न काढता कळलं होतं."

"तिने आकडा बघितलेला आहे," मुलांची आई म्हणाली.

तेव्हा ठरले की चार खड्डे खणायचे, काँक्रीट भरायचे आणि त्यात बोल्ट पुरून त्यावर खांब उभे करायचे. एका दिवसाचे काम तीन आठवड्यांवर गेले. वाचकहो, हा लेख वाचून कोणी असा संच आणणार असेल तर एवढे लक्षात असू द्या की कारखान्यात जमिनीवरचेच सगळे कापून मिळते. जमिनीच्या आतले ज्याचे त्याने करायचे असते.

आधी आखणी. दोन खांबांमधले अंतर एका बाजूला नऊ फूट, दुसऱ्या बाजूला बारा फूट, मध्यापासून मध्यापर्यंत. काटकोन साधला नाही तर वरचे छप्पर बसणार नाही, कारण तेथे भोके आधीच पाडलेली आहेत. सुतारासारखे "थोडं तासून घेऊ" म्हणायची सोय नाही. धाकटी गुण्या शोधत होती. आईने सुतळी मागितली. खाटेवर बसूनच तिने सारख्या अंतरावर बारा गाठी मारल्या आणि तीन, चार, पाच असा त्रिकोण ताणायला लावला. "तलावाच्या कामावर मुकादम असाच कोपरा काढे." धाकटीने आनंदाने सांगितले की हाच पायथागोरसचा नियम, आणि आपले माप नऊ-बारा म्हणजे तिरपे माप बरोबर पंधरा फूट यायला पाहिजे, दोन्हीकडून. आई म्हणाली, "त्याचं नाव काय का असंना, सुतळी ताठ धर."

एक खड्डा नेमका निंबाच्या बुंध्याजवळ येत होता. आईने तो नाकारला. मेलेले मूळ आत सडते, जागा पोकळ होते आणि वरचा भार खाली जातो. संपूर्ण आखणी दोन हात पश्चिमेला सरकवली.

खणायला आम्ही आणि थोरला. वरचा थर सुकून दगडासारखा, त्यात हात जाईल एवढ्या भेगा. एक फुटाखाली ओलसर आणि चिकट. फावड्याला धरून राहते. ही माती आपल्याकडच्या काळ्या दगडाची, बेसाल्टची, झिजून झालेली. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. ते पाणी पिऊन फुगते आणि सुकले की आक्रसते. कापसाला ही माती आईसारखी, बांधकामाला सावत्र. दरवर्षी भिंतीला पडणाऱ्या भेगा लिंपून लिंपून थकलेल्या घरांना याचा अनुभव आहेच.

प्रत्येक खड्डा दीड फूट लांब, दीड फूट रुंद. खोली किती, ते आईने सांगायचे. ती डोळे मिटून टिकावाचा आवाज ऐकत असे. अडीच फुटांवर आम्ही विचारले, "झालं का?" "नाई." पावणेतीन फुटांवर पुन्हा विचारले. "अजून माती बोलून रायली." तीन फुटांच्या आसपास टिकाव खणकन वाजला आणि पिवळट मुरूम लागला. "हां. आता थांब." चारही खड्ड्यांत तीन बोटे इकडे, चार बोटे तिकडे, पण मुरूम लागलाच. तळहातांचे फोड याच दिवसांतले.

मग ती म्हणाली, "बूड रुंद करा. तोंड आहे तेवढंच राहू द्या." थोरल्याच्या कपाळावर आठी. खाली वाकून, डोके खड्ड्यात घालून, बाजूची माती पहारीने खरवडायची, हे फार त्रासाचे काम आहे. "कायले आजी?" आता तोही तिच्याच बोलीवर आला होता. "घागर चिखलात रुतली त काहून निघत नाई? पोट मोठं असते म्हून."

दुसऱ्या दिवशी धाकटी कॉलेजातून आली ती पुस्तक उघडूनच. काळ्या मातीसाठी रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने विकसित केलेला पायाचा प्रकार त्यात चित्रासह होता. खोल जाणारा काँक्रीटचा खांब आणि त्याच्या बुडाशी कांद्यासारखा फुगवटा. माती फुगली तरी खांब वर उचलला जात नाही, कारण फुगवटा खाली अडकून राहतो. तिने चित्र आजीला दाखवले. आईने ते बराच वेळ पाहिले, पानावरून बोट फिरवले आणि विचारले, "हे कोनं काढलं?"

"मोठ्या मोठ्या इंजिनिअरांनी, आजी."

"बरं काढलं," आई म्हणाली, आणि त्या दिवशी पूर्ण भाकर खाल्ली.

शेजारी गवंडीकाम करणारे भाऊ राहतात. ते शनिवारी संध्याकाळी "जयभीम बाई, कशी आहे तब्येत?" करत आले आणि काँक्रीटला उभे राहिले. खड्ड्यांच्या तळाशी अर्धा फूट मुरूम टाकून धुमसाने बसवला. वर एक घमेले सिमेंट, दोन वाळू, चार खडी या प्रमाणात काँक्रीट. चारही खड्ड्यांना मिळून चार पोती सिमेंट लागले. एकेका खड्ड्यातले वजन पावणेचारशे किलोंच्या पुढे, म्हणजे चारांचे मिळून दीड टन. भाऊंनी संध्याकाळची वेळ मुद्दाम धरली होती. भर उन्हात काँक्रीटमधले पाणी उडून जाते, सिमेंट घट्ट व्हायच्या ऐवजी तडकते. पाणीही बेताने घालावे. पातळ कालवले की काम सोपे होते आणि ताकद जाते.

बोल्ट जागेवर धरण्यासाठी धाकटीने प्लायवुडच्या तुकड्यांना खांबाच्या तळपट्टीसारखीच चार-चार भोके पाडून ठेवली होती. त्या फळीत बोल्ट अडकवून फळी खड्ड्याच्या तोंडावर ठेवायची. तीन खड्डे व्यवस्थित झाले. चौथ्याच्या वेळी अंधार पडला. बॅटरी धरायचे आणि शेवटी तिरपे माप तपासायचे काम आमच्याकडे होते. सळईने काँक्रीट ठासताना फळी सरकली. आम्ही माप घेतले नाही. कंटाळा आला होता, खोटे का बोला. "बरोबर आहे" असे सांगून टाकले.

सकाळी धाकटीने माप घेतले. एक तिरपी पंधरा फूट, दुसरी पंधरा फूट तीन सूत. आमच्याकडे पाहून ती काही बोलली नाही. त्यापेक्षा बोलली असती तर बरे. तीन सूत म्हणजे पाऊण बोटही नाही, पण बोल्ट भोकात जाईना. काँक्रीट फोडायचे की काय, असा प्रश्न पडला. भाऊंनी उपाय सांगितला. त्या एका तळपट्टीची भोके गोल कानशीने घासून लांबट करायची, वर जाड वायसर टाकायचा आणि घासलेल्या जागी जस्ताचा रंग लावायचा. कानस आमच्या हातात देण्यात आली. पूर्ण दोन तास घासले. खाटेवरून आई म्हणाली, "लहानपनी बी असाच होता हा. गणित झालं मने, न पाटी कोरी."

काँक्रीटला पुढे आठवडाभर पाणी द्यायचे होते. चारही जागी ओले गोणपाट टाकले. येथे मुलांच्या आईने एक युक्ती केली. डॉक्टरीणबाईंनी दिवसातून चार वेळा चालायला सांगितले होते आणि आई पहिल्या चालीनंतरच "दुखते" म्हणून बसत असे. तिला सांगितले की गोणपाट ओले आहे की सुकले ते तुम्हीच पाहा, आमच्या लक्षात राहत नाही. मग ती सकाळी उठून वॉकर पुढे टाकत निघायची. एकेका खड्ड्यापाशी थांबून पायाच्या अंगठ्याने गोणपाट दाबायची आणि "इथं टाक व पोरी पानी" म्हणून ओरडायची. पहिल्या दिवशी दोन खड्ड्यांपर्यंत गेली. चौथ्या दिवशी चारही. आठवड्याच्या शेवटी पाणी बंद केले तर विचारले, "आता मी कायले चालू?"

जोडणी त्यामानाने लवकर झाली. एकच गोष्ट सांगण्यासारखी. सगळे बोल्ट आधी हाताने फिरवून सैल ठेवायचे, पाना अगदी शेवटी. आम्ही पहिला खांब उभा करून तेराच्या पान्याने करकचून आवळला. मग चौथ्या कोपऱ्यातली पट्टी भोकाशी जुळेना आणि मागचे सगळे सोडावे लागले. सैल असताना चौकट थोडी इकडे-तिकडे सरकते आणि सगळ्या भोकांना आपापली जागा मिळते. माथ्यावरचा तुकडा, ज्यात चार कोपऱ्यांचे वासे येऊन मिळतात, तो बसवताना मात्र सहा माणसे लागली. जाहिरातीतली दोन हसरी माणसे तो कसा बसवतात हे आम्हाला अजून समजलेले नाही. भाऊंनी दोन घोडे आणले, वस्तीतली पोरे धावून आली.

छपराचे पत्रे दोन थरांत आहेत. खाली मोठे छप्पर, वर छोटे आणि दोहोंमध्ये वीतभर फट. आईने विचारले, "टोपीवर टोपी काहून?" तापलेली हवा वर चढून त्या फटीतून निघून जाते आणि वादळातला वाराही तेथून वाट काढतो, पत्र्यावरचा जोर कमी होतो. हे चित्र काढणाऱ्या इंजिनिअरचे आईने मोकळ्या मनाने कौतुक केले.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी पश्चिमेकडून आभाळ लाल झाले आणि वादळ उठले. आम्ही सगळे घरात आलो. दारे लावली. आई म्हणाली, "मागचं दार उघडं ठेवा." कोणी ऐकेना. मग ती ओरडली नाही, नुसते म्हणाली, "मले पायू द्या."

दार उघडले. तिची खाट आत ओढून दारासमोर ठेवली. धूळ, पाला, कोणाच्या तरी वाळवणाची साडी, सगळे परसातून उडत गेले. कोंबड्यांच्या खुराड्यावर ठेवलेला आमचाच जुना पत्रा उठला आणि कुंपणापलीकडे गेला. वरच्या फटीतून शीळ वाजल्यासारखा आवाज येत होता. छप्पर थरथरले. आई खाटेची माचवी दोन्ही हातांनी धरून बसली होती आणि खांबांच्या बुडाकडे पाहत होती, छपराकडे नाही. थोरला तिच्यामागे उभा होता. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला तो वादळ संपेपर्यंत काढला नाही. पाऊस आला, मग वारा पडला.

सकाळी आमच्या आधी तीच उठली होती. वॉकर टाकत, चिखलातून, चारही खांबांपाशी जाऊन एकेक तळपट्टी पायाने दाबून आली. काही हलले नव्हते. पश्चिमेची एक कडेची पट्टी वाकली आणि दोन पत्र्यांच्या सांध्यातून आत पाणी आले, एवढेच. पाणी का आले? वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला आम्ही सांध्याचे तोंड ठेवले होते. एकावर एक पत्रा चढवताना उघडी कड वाऱ्याच्या पाठीला यायला हवी. ते दोन पत्रे सोडून उलटे बसवले. रबरी वायसरचे स्क्रू काही ठिकाणी इतके आवळले होते की रबर चिरडून फाटले होते, ते बदलले. रबर किंचित दबावे, पसरू नये.

आता राहिला रंगाचा वाद. पत्रे गडद तपकिरी. दुपारी खाली बसले की डोक्यावर तवा ठेवल्यासारखे वाटे. आईचा हुकूम, चुना मारा. थोरल्याच्या जिवावर आले. लॉनवरच्या छत्रीसारखी दिसावी म्हणून तर त्याने तो रंग निवडला होता. दोन दिवस आजी-नातवाचे बोलणे बंद होते. शेवटी त्यानेच शिडी लावली आणि पांढरा हात मारला. खालून भाऊंकडचे बांबूचे तट्टे बांधले. दुपारच्या बसण्यात फरक पडला, हे त्याने कबूल केले. रंगीत पत्र्यावर चुना टिकत नाही. पावसात धुऊन जाईल, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा मारावा लागेल. तोवर वेल चढवायचा आईचा विचार आहे.

खर्च विचारणारे विचारतील, म्हणून सांगून ठेवतो. संचाचे हप्ते थोरल्याचे. पायाला चार पोती सिमेंट, वाळू, खडी, मुरमाचा एक हातगाडा आणि पुरायचे बोल्ट. मजुरी भाऊंनी घेतली नाही. त्यांच्या मुलीच्या बारावीच्या अभ्यासाला आता संध्याकाळी तेथेच दिवा लागतो आणि आमची धाकटी तिला गणित सांगते. आई जवळच खाटेवर असते. गझिबो हा शब्द तिच्या तोंडी बसत नाही. ती माझी छत्री म्हणते. वॉकर सुटून आता काठी आली आहे. काल तिने आम्हाला चारही खांबांच्या बुडाशी वालाच्या बिया टोचायला लावल्या. चौथ्या खांबापाशी, जेथे आमची कानस चालली होती तेथे, बी दोन बोटे लांब पडले म्हणून पुन्हा काढून नीट टोचायला लावले.